धुक्याच्या नावाची वेल

मित्रांनो, मला म्हातारी म्हणावं असं खरं तर माझं वय नाही. मला जमिनीत लावून आठच वर्षं झाली आहेत. माझ्या जातीच्या वेली त्यांच्या देशात पन्नास-साठ वर्षं सहज जगतात. आजोबांनी लावलेल्या वेलीचे घड नातवंडं खुडतात. तरी आज मी तुमच्यापुढे एक जुनी, वाळत चाललेली द्राक्षवेल म्हणूनच उभी आहे. माझा एक हात कोळशासारखा काळा पडला आहे. दुसऱ्यात अजून थोडी ओल आहे. ती आहे तोवर माझी हकिगत सांगून टाकते.

नसरापूरहून वेल्ह्याकडे येताना, वेल्हं लागायच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला एक ओढा लागतो. ओढ्यापलीकडे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे. घरापुढे तुळस, आणि तुळशीच्या पुढे तारांचा एक लहानसा मांडव. तिथे मी असते.

माझं नाव नेब्बिओलो. पहिल्यांदा ऐकल्यावर ते कुणालाच धड म्हणता येत नाही, तेव्हा तुम्ही लाजू नका. इटली देशाच्या उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी माझ्या जातीचं माहेर आहे. तिकडे आमच्या फळांची लाल वाइन करतात. तिकडच्या बोलीत धुक्याला नेब्बिया म्हणतात. आमची फळं सगळ्यांच्या मागून पिकतात. आपल्याकडे दिवाळी असते, त्या सुमाराला तिकडच्या उतारांवर दाट धुकं उतरतं आणि लोक धुक्यातच आमचे घड काढतात. म्हणून आमचं नाव धुक्यावरून पडलं, असं सांगतात. दुसरे कुणी म्हणतात, तसं नाही. फळ पिकलं की त्याच्या सालीवर पांढुरकी लव धरते, जणू एकेका मण्याचं आपापलं धुकं. नाव त्यावरून पडलं. यात खरं कोणतं, ते मला ठाऊक नाही. पाळण्यातल्या बाळाला आपलं नाव का ठेवलं ते कुठे कळतं?

मला इथे आणलं नीरजाताईने. ती नाशिककडे एका द्राक्षबागेत काम करते. त्या बागेत परदेशी जातींची एक पट्टी लावून बघितली होती. आम्ही तिथे नीट आलो नाही, म्हणून पट्टी उपटायची ठरली. उपटण्याआधी नीरजाताईने माझ्या आईवेलीच्या सहा काड्या काढून घेतल्या आणि जंगली द्राक्षाच्या खुंटांवर त्यांची कलमं बांधली. म्हणजे मित्रांनो, जमिनीखालची मुळं माझी नाहीत. ती त्या रानटी खुंटाची. वर दिसते ती मी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही एसटीने नसरापूरला आलो आणि तिथून जीपने इथे. दारात दीनानाथ गुरुजी उभे होते. हे नीरजाताईचे वडील. भोरच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या चार गुंठ्यांवर राहायला आले. ताईने नाव आणि त्याची गोष्ट सांगितली. गुरुजी चष्मा काढून उभेच राहिले.

"नेब्बिया," ते म्हणाले. "लॅटिनमध्ये नेब्युला. आणि आपल्याकडे नभस्. एकाच आईची लेकरं. अगं, ही तर घरातलीच निघाली. जुन्या पंचांगात श्रावण महिन्याचं नावही नभस्."

"बाबा, तिला व्याकरण लावू नका," नीरजाताई हसली. "मांडव लावा."

सौदामिनीबाई आतून पदराला हात पुसत आल्या. गुरुजींची ही पत्नी. कधी मोठ्याने न बोलणारी बाई. त्यांचा दिवस नेमांवर चाले. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, मग एकशे आठ मणी. त्यांनी आमच्याकडे काळजीने पाहिलं.

"हिची दारू करतात ना गं? देवाच्या दारात चालेल का?"

"द्राक्ष देवानं केलं, दारू माणसानं," गुरुजी म्हणाले. "आपण देवापाशीच थांबू."

तो वाद तिथेच मिटला.

पहिल्या पावसाळ्यात गुरुजींची चूक झाली. आमचं नाव धुक्याचं, म्हणून इथलं धुकं आम्हाला मानवेल असं त्यांनी धरलं आणि वर प्लॅस्टिकच्या कागदाचं छत घातलं नाही. पण तिकडचं धुकं येतं ते उन्हाळाभर ऊन खाऊन फळं पिकल्यावर. इथलं धुकं तोरण्यावरून उतरतं ते पावसाचा हात धरून, आणि चार महिने पानांवर बसून राहतं. सहांतल्या तीन बहिणी भाद्रपद संपायच्या आत कुजून गेल्या.

त्या दिवशी गुरुजी जेवताना म्हणाले, "मी नाव वाचलं. पान वाचलं नाही."

मग मात्र ते पान वाचायला शिकले. पावसाआधी मांडवावर प्लॅस्टिकचं छत ताणत. दर आठ दिवसांनी कात्री घेऊन खाली शिरत आणि दाटलेली पालवी काढत, म्हणजे आत वारा खेळे. वर्षातून दोनदा मोठी छाटणी. एक चैत्रात, एक नवरात्राच्या आसपास. मित्रांनो, आंब्या-फणसाचं ठीक आहे, पण द्राक्षवेलीचं आयुष्य कात्रीत असतं. जुनी काडी कापली तरच नवी फुटते आणि घड त्या नव्या फुटीवर लागतो. मला न कापता ठेवणं म्हणजे मला माझ्याच पानांखाली पुरणं.

पहिल्या छाटणीच्या वेळी सौदामिनीबाई समोर बसून वाती वळत होत्या. कापलेल्या टोकांतून पाण्याचे थेंब ठिबकू लागले. आम्हा वेलींचं ते असतंच, मुळं पाणी वर ढकलतात. पण बाईंचा हात थांबला.

"अहो, रडतेय ती."

"रडत नाही गं, नहाणं चाललंय तिचं," गुरुजी म्हणाले.

बाई उठून आत गेल्या. त्यानंतर छाटणी असली की त्या पुढच्या दारात बसत नसत. त्यांना माझी दया येत होती, हे मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी माघात मला चार घड आले. पहिला घड बाईंनी देवासाठी धुतला आणि त्यावरची सगळी लव पाण्याबरोबर वाहून गेली. गुरुजी म्हणाले, "एक घड न धुता दे. देवाला नावासकट पोचू दे." बाईंनी जरा विचार केला, हात स्वच्छ पुसले आणि दुसरा घड देठाला धरून, धुकं न मोडता, देवापुढे ठेवला. तेव्हापासून दर वर्षी तसंच.

शेजारचे गेनूभाऊ आणि त्यांची बायको सखूबाई चव बघायला आले. गेनूभाऊंनी चार मणी एकदम तोंडात टाकले.

"गुरुजी, ह्यात बियाच लई. आन साल कसली तुरट हाय. इटलीवालं ह्ये खात्यात व्हय?"

"खात न्हाईत, पित्यात," सखूबाई म्हणाल्या. "तुमी खाल्लं म्हून तोंड वाकडं झालं."

ते माझे सुखाचे दिवस. भोरहून गुरुजींचे जुने विद्यार्थी मुलाबाळांना घेऊन येत. गुरुजी प्रत्येकाला एक मणी देत आणि म्हणत, आधी बोटाने त्यावरचं धुकं पुसा, मग खा. मग नेब्बिया, नेब्युला, नभस्. मला ते पाठ झालं होतं. गेनूभाऊंना नाव शेवटपर्यंत आलं नाही. ते 'धुक्याची येल' म्हणत. गुरुजी म्हणत, भाषांतर अचूक आहे.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी अधिक मास होता. श्रावण दोन होते आणि चातुर्मास चार महिन्यांऐवजी पाच महिन्यांचा.

ज्येष्ठ निम्मा झाला होता. गुरुजी माझ्याखाली उभे राहून पालवी विरळ करत होते. एकदम त्यांच्या हातातली कात्री गळली. ते माझ्या खोडाला धरून हळूहळू खाली बसले आणि मग आडवे झाले. गेनूभाऊंनी टेम्पो काढला. पुण्याच्या दवाखान्यात वीस दिवस गेले. परत आणलं तेव्हा गुरुजींची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. एकतीस वर्षं शब्द शिकवलेल्या माणसाच्या तोंडातून नुसता श्वास येत होता.

सौदामिनीबाई दर चातुर्मासात काहीतरी सोडत. एका वर्षी मीठ, एका वर्षी गूळ. त्या आषाढी एकादशीला त्यांनी तुळशीपुढे हात जोडले. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कार्तिकीपर्यंत माझ्या दारात हिरव्याला लोखंड लागणार नाही. कुणाला दुखवणार नाही. त्यांना राहू दे."

त्यांनी विळी धुऊन माळ्यावर टाकली. कात्री फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवली. त्या मुगाची उसळ आणि वरईचा भात खाऊ लागल्या. तुळशीचं पानही खुडत नव्हत्या, गळलेलं वेचून घेत होत्या.

"वैनी, कोथमिरीची काडी सुदिक न्हाई?" सखूबाईंनी विचारलं.

"नाही गं."

"आन धुक्याच्या येलीचं काय?"

"ती तर पहिली," बाई म्हणाल्या. "तिचे अश्रू मी बघितलेत."

मित्रांनो, त्यांनी माझ्यासाठी दया मागितली आणि मला ती मिळाली. मी वाढले. कात्री नाही म्हटल्यावर वेल काय करणार? बगलेतून फुटी, फुटींतून आणखी फुटी. माझ्याच पानांनी माझ्यावर झाकण घातलं. गेनूभाऊंनी मोरचूद आणि चुन्याची फवारणी केली. वरची पानं निळी झाली, आत एक थेंब पोचला नाही. वजनाने छताचा कागद फाटला. पहिला श्रावण आत आला, त्याच्या मागून दुसरा. ज्या महिन्याचं नाव माझ्या नावाचं सख्खं भावंड, तो महिना त्या वर्षी दोनदा माझ्या अंगावर बसला.

त्याच दिवसांत गुरुजींना थोडं बरं वाटू लागलं. गेनूभाऊ त्यांना खुर्चीत घालून पडवीत आणत. तोंड माझ्याकडे. एका सकाळी त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला आणि दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली.

सौदामिनीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. हात हलला होता. देवाने ऐकलं होतं.

बोटं काय मागत होती तेही त्यांना कळलं. तीस-पस्तीस वर्षांचा संसार, न कळायला काय झालं? त्या गुरुजींच्या पायांशी बसल्या.

"कळतंय हो मला. पण आत्ता नाही. कार्तिकी झाली की मी स्वतः तुमच्या हातात देईन."

बोटं उघडली, मिटली.

"मी देवाला शब्द दिलाय. तुमच्यासाठीच दिलाय. त्यानेच तर हा हात उचलला. आता कसा मोडू?"

असं होतं ते. गुरुजींचा हात जितका सुधारे, तितका बाईंचा नेम घट्ट होई. आणि तो सुधारलेला हात रोज एकच गोष्ट मागे.

गेनूभाऊंनी एकदा धीर केला. "वैनी, तुमी आत जाऊन बसा. म्या छाटतो. पाप लागलं तर माझ्या डोस्क्यावर."

"अंगण माझं आहे गेनूभाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाप पत्ता विचारत येतं."

नवरात्रात पाचव्या माळेला नीरजाताई आली. खांद्यावरची पिशवीही न ठेवता सरळ मांडवाखाली शिरली. तिने एक पान उलटं केलं. खाली पांढरा कापूस धरला होता, केवडा म्हणतात त्या रोगाला. तिने काडी बघितली. काडीवर काळे डाग.

"आई, हे काय करून ठेवलंयस?"

"काही केलं नाही गं. हातसुद्धा लावला नाही."

"तेच विचारतेय."

नीरजाताई जवळ गेली, आवाज खाली आणला.

"बाकी दोन्ही वेली गेल्यातच जमा आहेत. ही एक वाचेल. आठ दिवसांत छाटली नाही तर हिच्या काडीवरचे फुटायचे डोळे मरतील. मग कार्तिकीला छाटायला काही उरणार नाही."

"आणि छाटली, आणि तुझ्या बाबांना काही झालं तर?"

"त्याचा याच्याशी काय संबंध आई?"

"नसेलही. मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

नीरजाताई आत गेली आणि देवाच्या फळीवरून फडकं सोडून कात्री घेऊन आली. थंड लोखंड माझ्या काडीला लागलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, कर ताई, दाब. पडवीतून गुरुजींची बोटं उघडत होती, मिटत होती.

सौदामिनीबाई धावल्या नाहीत. रडल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली जपमाळ काढली आणि लेकीपुढे धरली.

"तू छाट. मग उरलेला महिना तूच धर. त्यांच्याकडे बघत बघत धर. माझ्याच्याने मग नाही व्हायचं."

ती माळ फार हलकी असते, मित्रांनो. लाकडाचे मणी. पण नीरजाताईला ती घेता आली नाही. तिने एकदा बाबांकडे पाहिलं. मग कात्री मिटली आणि पुन्हा फडक्यात गुंडाळली. तिसऱ्या दिवशी ती नाशिकला गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं फार नाही. कोजागरीच्या सुमाराला पुन्हा पाऊस झाला आणि त्यामागे धुकं. माझी पानं एकदम गळली. काड्या टोकाकडून काळ्या पडत आल्या. बाई रोज सकाळी गळलेली पानं वेचत आणि मला म्हणत, "थोडे दिवस गं. थोडेच राहिले." मी ऐकत होते. आणि बाईंना खरंच वाटत होतं की मला धीर हवा आहे.

कार्तिकी झाली. द्वादशीला तुळशीची पूजा करून बाईंनी नेम पुरा केला. गुरुजी जिवंत होते. गेनूभाऊंनी त्यांची खुर्ची उचलून मांडवाखाली आणली. बाईंनी कात्री फडक्यातून सोडली, तिला हळदकुंकू लावलं आणि गुरुजींच्या डाव्या हातात दिली. त्या हातात अजून दाबायची ताकद नव्हती. तेव्हा बाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. ज्या बाई छाटणीच्या दिवशी पुढच्या दारात बसत नसत, त्यांनी त्या दिवशी कात्री दाबली.

ओली काडी कापली की आवाज दबका येतो. ही काडी कट् करून तुटली. गुरुजींनी मान वळवून कापलेलं टोक बघितलं. आत तपकिरी. दुसरी काडी. तपकिरी. तिसरी. बाई टोकाकडे बघत राहिल्या, थेंब येईल म्हणून. ज्या थेंबाची त्यांना इतकी वर्षं भीती वाटत होती, त्याची त्या वाट बघत होत्या. तो आला नाही.

गुरुजींनी हात सैल सोडला. कात्री खाली पडली.

"तुम्ही आहात ना," बाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही आहात."

गुरुजींनी डोळे मिटले.

मित्रांनो, नेमाने त्यांना वाचवलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी वेल आहे. ज्याच्याशी बाई रोज बोलतात, त्यालाच ते ठाऊक. मी त्यांना दोष देत नाही. माझ्यावर इतकी माया कुणी केली नव्हती. मला एवढंच म्हणायचं आहे. तुम्ही कुणासाठी काही सोडाल, काही धराल, तेव्हा देवाला जरूर सांगा. पण ज्याच्यासाठी धरता त्यालाही एकदा विचारा, आणि ज्याच्या अंगावरून ते जाणार आहे त्याच्याकडेही एकदा बघा. आणि माझ्यासारख्या एखादीचं भलं कात्रीतच असेल, तर डोळे भरले तरी कात्री चालवा. आम्ही रडतो तेव्हा दर वेळी दुखतच असतं असं नाही.

आता चैत्र आहे. परवा सकाळी बाई तुळशीला पाणी घालून वळल्या आणि माझ्या बुंध्याशी एकदम खाली बसल्या. मातीलगत एक कोवळी हिरवी फूट आली आहे. बोटभर लांब, तीन पानांची.

"अहो," त्यांनी पडवीकडे बघून हाक मारली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर चढला. "फुटली हो. बघा, फुटली."

ती फूट मी नाही. ती कलमाच्या खालून आली आहे. त्या रानटी खुंटाची आहे ती. तिला नेब्बिओलो म्हणत नाहीत, तिच्यावर कधी धुक्याचा मणी धरणार नाही. माझ्या दुसऱ्या हातात जी थोडी ओल उरली आहे, ती आता तिकडे चालली आहे. हिला वेळीच कापलं असतं, तर कदाचित मी आणखी एक उन्हाळा काढला असता.

गुरुजींनी पडवीतून पाहिलं. ते पान वाचायला शिकलेले आहेत. ही फूट कुणाची, ते एका नजरेत त्यांना कळलं. डॉक्टर म्हणतात, त्यांचा डावा हात आता चांगला सुधारला आहे. त्याच हाताने ते जेवतात, चष्मा लावतात.

बाईंनी फुटीभोवती हळूच आळं केलं आणि तांब्यातलं उरलेलं पाणी घातलं. पाणी घालून त्यांनी पडवीकडे पाहिलं. मीही पाहत होते. गुरुजींचा हात खुर्चीच्या दांडीवर होता.

दोन्ही बोटं तशीच राहिली.